पुंजण्याच्या पोटातली ऊब

धान कापणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की मला आधी वास येतो. पाऊस मागून येतो, कधी नुसती हुलकावणी देऊन जातो, पण वास चुकत नाही. ओल्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, थोडा आंबट, थोडा गोडसर, अंबिलीचं गाडगं दोन दिवस झाकून राहिल्यासारखा. परवा शाळेत जाताना आला. ब्रह्मपुरीच्या बाहेर, रस्त्याला लागून कुणाचं तरी पुंजणं होतं, वरून निळी ताडपत्री, चारी बाजूंनी दगड ठेवून गच्च दाबलेली. मी स्कूटी थांबवली, हातमोजा काढला, ताडपत्रीची कड उचलली आणि पेंढ्यांच्या फटीतून हात कोपरापर्यंत आत घातला. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बसलेली बाई बघत होती. मॅडम कायचा शोध घेऊन राह्यल्या, असं तिनं विचारलं. गरम होऊन राह्यलं, आजच उघडा, असं मी सांगितलं. ती हसली, हो जी म्हणाली आणि बसूनच राहिली. मलाही शाळेची घंटा गाठायची होती. हाताचा वास मात्र दिवसभर गेला नाही, खडूनं नाही आणि साबणानंही नाही.

आमच्या झाडीपट्टीत धान कापला की आधी बांधीतच, म्हणजे खाचरातच, पसरून ठेवतात, त्याला कडपा म्हणतात. तीन-चार दिवस ऊन खाऊन कडपा वाळल्या की भारे बांधायचे आणि उंचवट्यावर गोल रचायचे, लोंब्या आत, बुडखे बाहेर. हेच पुंजणं. मळणीचं मशीन गावात येईल तेव्हा येईल. तोवर घरातल्या माणसांचा वर्षभराचा भात असा उघड्यावर बसून असतो. लांबून बघितलं तर कुणाची तरी झोपडीच वाटते, आणि जवळ गेलं की आत कुणी राहत असल्यासारखी बारीक कुरकुर ऐकू येते. ती उंदरांची असते, हे सांगून टाकते, नाहीतर तुम्ही भलतंच काही समजाल.

पण आत कुणीतरी असतं हेही खोटं नाही. कापलेला दाणा मरत नाही. बी. एस्सी., बी. एड. होऊन मुलांना विज्ञान शिकवायला लागल्यावरही ही गोष्ट मला पुस्तकातलीच वाटायची. चार महिने पानांनी ऊन पकडून पकडून दाण्यात कोंडलेलं असतं. दाणा श्वास घेतो तेव्हा त्यातलं थोडं थोडं ऊन पुन्हा बाहेर सोडतो. कोरडा असला तर इतक्या हळू की कोठीत वर्ष काढतो. ओला असला की त्याला घाई सुटते. मग बुरशी येते, तीही श्वास घेते, तीही ऊब सोडते. वाऱ्याला वाट असली तर ती ऊब उडून जाते. वाट बंद केली की आतल्या आत साठते. ऊब वाढली की श्वास वाढतो आणि श्वास वाढला की ऊब. पुस्तकात याला अर्धं पान दिलं आहे. गावात दोनच शब्द आहेत, पुंजणं तापलं.

आणि तापलं की नाही हे बघायला आमच्या गावात माझ्या बाबांना बोलवत. कुरखेड्यापासून आत, जंगलाला टेकून आमचं गाव आहे. तिथं रामाजीभाऊचा हात म्हणजे शेवटचा शब्द. बाबा बाही वर करायचे, पेंढ्या बाजूला सारून खांद्यापर्यंत हात आत घालायचे आणि मान एका बाजूला कलती करून उभे राहायचे. डोळे मिटलेले. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्राही त्या वेळी थांबायचा. मग हात काढून सांगायचे, दोन दिवस चालते, किंवा, आजच फोडा. त्यांचं चुकलेलं कुणाला आठवत नव्हतं. याबद्दल कुणी काही द्यायचं नाही आणि बाबांनी घ्यायचं नाही. फार तर काळा चहा व्हायचा.

याच हातानं बाबा चुलीतला निखारा उचलून बिडी पेटवत. आम्ही भावंडं लहान असताना तो आमच्यासाठी खेळ होता. निखारा बोटांवर नाचवत नाचवत बिडीला लावायचा आणि टपकन चुलीत टाकायचा. पुढे पुढे ते निखारा नाचवेनासे झाले. चिमटीत सावकाश धरायचे, एक झुरका, दुसरा झुरका, मग बाजूला ठेवायचे. आम्ही म्हटलं, हात पक्का झाला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी नवऱ्याला कौतुकानं दाखवलंसुद्धा, की बघा, शेतकऱ्याचा हात कसा असतो. तोही बघत राहिला. आम्ही दोघं विज्ञान शिकलेली माणसं, चुलीपुढं बसून टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माझ्या लग्नाला तीन कापण्या होऊन गेल्या होत्या, त्या वर्षाची ही गोष्ट आहे. मार्गशीर्ष होता. भारी, उशिरा पिकणारा धान कापून पडला होता, कडपा अर्ध्या वाळल्या होत्या आणि दक्षिणेकडून आभाळ आलं. मी दोन दिवसांची रजा टाकून गेले होते. सगळ्यांनी मिळून धावपळ करत पुंजणं रचलं. बाबा म्हणत होते की खाली फांद्या टाकून वारा जायला वाट ठेवू आणि वरून तणसाची टोपी करू. मी ताडपत्री आणली होती, ब्रह्मपुरीहून, नवी कोरी. मी म्हटलं, बाबा, पाणी आत गेलंच नाही तर खराब काय होईल? चारी बाजूंनी झाका, दगड ठेवा. धान ओला होता हे मला दिसत होतं. माझ्या डोक्यात फक्त वरचं पाणी होतं, आतलं नव्हतं. बाबा थोडा वेळ ताडपत्रीकडे बघत राहिले. "तू शिकलेली आहेस बापा," असं म्हणाले आणि दगड आणायला गेले. त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. तेच मला अजून लागतं.

पाऊस दीड दिवस झाला. मी परत आले. रोज संध्याकाळी फोन करायची. आमच्या घराच्या मागून उच्च दाबाच्या तारा जातात, चंद्रपूरच्या विजेच्या, बांध्यांवरून मोठाले मनोरे टाकत कुठल्या कुठे लांबच्या शहरांकडे. कोळसा म्हणजे जुन्या जंगलानं खाल्लेलं ऊन, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते ऊन आमच्या डोक्यावरून गुणगुणत जातं आणि आमच्या गावात मात्र पावसाचे दोन थेंब पडले की लाइन जाते. मग फोन बंद. फोन लागला की मी एवढंच विचारायची, थंड आहे न? बाबा म्हणायचे, थंड. रोज हात घालून पाह्यता न? रोज. आणि मी निर्धास्त व्हायची, कारण बाबांच्या हातानं सांगितलं होतं.

आठवड्यानं रविवारी गेले. आभाळ मोकळं झालं होतं, सकाळचं कोवळं ऊन होतं. बांधीच्या अलीकडेच तो वास आला. आई दारात उभी होती. ती म्हणाली की दोन दिवसांपासून वास येऊन राह्यला, पण हे म्हणतात थंड आहे. आईला रागही आला होता आणि भीतीही वाटत होती. चाळीस वर्षं ज्या हाताचं गावानं ऐकलं त्याला तिनं एकटीनं खोटं कसं पाडायचं?

आम्ही तिघं बांधीत गेलो. बाबांनी ताडपत्री उचलली. आतून वाफ आली. खोटं सांगत नाही, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येते तशी, पांढरी. बाबांनी बाही वर केली, उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला, मान कलती केली, डोळे मिटले. मी त्यांच्या शेजारी दुसऱ्या फटीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. चटका बसला होता. बोटं पाण्यात घालावीशी वाटली. बाबांचा हात आतच होता. त्यांच्या चेहऱ्याभोवती वाफ होती आणि चेहरा अगदी शांत होता.

"थंडच त आहे," ते म्हणाले.

आई पुढं झाली. तिनं त्यांचा दंड धरला आणि हात हळूच बाहेर ओढून काढला, मूल विस्तवाजवळ गेल्यावर मागं घेतात तसा. कोपराच्या खालचा सगळा भाग लालभडक झाला होता. मनगटाजवळ कातडी फुगत होती. बाबांनी डोळे उघडले आणि आपल्या हाताकडे पाहिलं. मग आईकडे. मग माझ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.  मागं वाफ निघत होती, तारा गुणगुणत होत्या, आणि मला आठवतं, मी त्या वेळी एकच विचार करत होते की वरची पेंढी काळी पडली आहे, खालच्या तरी वाचल्या असतील का.

हे मी लपवत नाही. मला रडू आलं नाही, राग आला नाही. मला काहीच आलं नाही. ते काहीच न येणं नंतर कितीतरी महिने राहिलं. शाळा, स्वयंपाक, पेपर तपासणं सगळं नीट चालू होतं, कुणाला काही फरक दिसला नसेल. कुणी विचारलं तर मी सगळं सविस्तर सांगायची, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं.

उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. लिहून घ्या, असं मी वर्गात म्हणते आणि पंचेचाळीस माना खाली जातात. ती त्या दिवशीही वाहिली. पुंजण्यातून बाबांच्या हातात गेली, कातडीत गेली, रक्तात गेली, एका नियमातही खाडाखोड झाली नाही. फक्त खबर पोहोचली नाही. ऊब येणं वेगळं आणि ती आली हे कळणं वेगळं, हे कुठल्याच धड्यात नाही. ऊब आपोआप वाहते. कळायला एक जिवंत शीर लागते.

हातावर खोबरेल लावलं आणि बाबांना आरोग्य केंद्रात नेलं. भाजल्यासाठी नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी फोड पाहिले, मग दंडाच्या आतला फिकट चट्टा पाहिला, मग कोपराशी बोटांनी चाचपलं आणि मला म्हणाल्या, हात लावून बघा. शीर दोरीसारखी जाड लागली. मग त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं. पेनाच्या टोकानं त्या जिथं टोचतील तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं.

बाबांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी करंगळीजवळ टोचलं. बाबा थोडे थांबले आणि मनगटावर बोट ठेवलं. तळहाताच्या कडेला टोचलं, बाबांनी अंगठा दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी टोचलंच नाही, तरी बाबांनी मोठ्या विश्वासानं एक जागा दाखवली. दहा वर्षं मी परीक्षेत पर्यवेक्षण करते. न येणारं उत्तर ठोकून देणाऱ्याचा चेहरा मला लांबून ओळखता येतो. तो चेहरा माझ्या बापाचा असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. एक लाज तेवढी वाटली, त्यांची नाही, तिथं उभं राहून ते बघत असल्याची.

कुष्ठरोग, डॉक्टरांनी साध्या आवाजात सांगितलं. गोळ्या फुकट मिळतील, वर्षभर घ्यायच्या, लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल, घाबरायचं नाही. गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागण होत नाही. रोग पूर्ण बरा होईल. गेलेली संवेदना मात्र परत येईल असं सांगता येत नाही. सहा महिन्यांच्या आत आले असते तर गोष्ट वेगळी होती. कधीपासून आहे? बाबा म्हणाले, आताचंच. आईनं मान खाली घातली. मी खरं मानलं. मला ते खरं मानायचं होतं.

आमच्या गावात आशाताईचं काम शीलाबाई करतात. दरवर्षी घरोघर फिरून त्या विचारतात, अंगावर कुठी चट्टा आहे का, बधिरपणा आहे का. त्यांना हे समजलं तेव्हा त्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, दर साली मी दारात उभी राह्यली न भाऊ, दर साली तुमी आतून सांगितलं, आमच्या इथी सगळे साफ आहेत जी. बाबांनी त्यावर त्यांना पाणी प्यायला लावलं. शीलाबाई पाणी प्यायल्या, त्याच घरातल्या तांब्यानं, तोंड लावून. गावात बाकीच्यांना ते दिसेल अशा बेतानं प्यायल्या, असं मला वाटतं. हजार भाषणांचं काम त्या तांब्यानं केलं. तरी सगळं केलं असंही नाही. पुंजणं बघायला बाबांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. रोगाला भिऊन नाही बोलावलं, की हाताला समजत नाही म्हणून, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

नवऱ्याला मी त्याच रात्री जेवताना सांगितलं. त्यानं विचारलं, गोळ्या सुरू झाल्या न? झाल्या. मग बरं होईल, असं म्हणून त्यानं वरण वाढून घेतलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माझे दोन्ही हात उजेडात धरून कोपरापर्यंत पाहिले आणि दोन-चार दिवस माझा पेला वेगळा ठेवला. मग त्यांच्याच ते लक्षात राहीना आणि पेले पुन्हा एक झाले. मी त्याच पेल्यानं पाणी पीत राहिले. बोलण्यासारखं आत काही शिल्लकच नव्हतं.

ते पुंजणं निम्मं वाया गेलं. उकलून पसरलं तेव्हा मधल्या पेंढ्या तंबाखूसारख्या काळ्या झाल्या होत्या, काही लोंब्यांना पांढरे मोड आले होते. चार महिन्यांचं ऊन, रोवण्यात रोपं लावताना वाकलेली आईची कंबर, शेततळ्याचं, बोडीचं पाणी, सगळं आतल्या आत ऊब होऊन उडून गेलं होतं. गायीनंसुद्धा ते तणस हुंगून सोडलं. त्या साली आम्ही रेशनचा तांदूळ खाल्ला. बाबा पहिल्या घासाला म्हणाले, याले वास नाई. वासाचं भान त्यांना होतं.

दरवर्षी दहावीच्या आधीच्या वर्गांना ऊर्जेचा प्रवाह शिकवते. ऊन गवतात जातं, गवत हरणात, हरीण वाघात. आमच्याकडच्या मुलांना वाघाचं चित्र दाखवावं लागत नाही, मोहं वेचायला गेलेल्या कुणाला तरी तो भेटलेलाच असतो. प्रत्येक पायरीवर थोडीच ऊर्जा पुढं जाते, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, निघून कुठी जाते? आधी हवेत, मग आभाळात, आभाळापल्याड. मग ती वापस येते का? नाही, मी म्हटलं, पाणी परत येतं, माती परत येते, ऊर्जा परत येत नाही, ती एकाच बाजूनं जाते. मुलगी खाली बसली. तिचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. माझंही झालेलं नाही, पण परीक्षेत एवढ्याच उत्तराला गुण आहेत.

परवाच्या त्या वासानं मन लागेना, म्हणून या रविवारी गावाला गेले. बाबांचा रोग केव्हाच बरा झाला. काळवंडलेली कातडी हळूहळू उजळली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं ते वळलंच. आता ते डाव्या हातानं जेवतात, शर्टाची बटणं आई लावून देते आणि बिडी सुटली आहे. पुंजणं बघायची नवी रीत आहे. बाबा लोखंडाची सळई पुंजण्यात खुपसतात, एक खर्रा घोटून होईस्तोवर ठेवतात आणि ओढून काढतात. आई ती गालाला लावून बघते. दोघं इतक्या सहज करतात की जन्मभर असंच करत आल्यासारखं वाटतं. सळई या वेळी थंड निघाली. मी स्वतः लावून पाहिली.

मग आई स्वयंपाकाला गेली आणि आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो. दुपारचं ऊन होतं, अंगावर बरं वाटणारं. बाबांचा वाकडा हात मांडीवर पालथा पडला होता, उन्हात. मी त्यांना विचारलं, बाबा, खरं सांगा, हे कवापासून होतं? इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत. जणू कुणीतरी विचारावं म्हणून थांबलेच होते.

माझ्या लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात, ते म्हणाले. रोवणा चालू होता. चिखलात कुणी फेकलेल्या बाटलीची काच होती. बांधीतलं पाणी लाल झालं, तेव्हा कुणाचं रक्त आहे म्हणून ते बायांचे पाय बघत होते. मग स्वतःचा हात वर काढला. करंगळी हाडापर्यंत कापली होती. त्याच दिवशी त्यांनी चुलीजवळ एकट्यानं बसून बाकीची बोटं तपासली. आणि त्याच पंधरवड्यात ब्रह्मपुरीची माणसं मला बघायला येऊन गेली होती.

"पोरीचं जमून राह्यलं होतं," बाबा म्हणाले. "त्यात हात दाखवून अवलक्षण कायले करू?"

लग्न झालं की दाखवू, असं ठरवलं होतं. लग्न झालं, तर मी सासरी नवी. मग मला दिवस गेले. मग त्यांनाच सवय झाली. डॉक्टरांचे सहा महिने माझ्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या आधीच संपले होते. ज्या नवऱ्याच्या भीतीनं त्यांनी हात लपवला, त्यानं तर ऐकून वरण वाढून घेतलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून त्या हातात काय परत येणार होतं?

आमचं लग्न गावच्या विहारासमोर झालं. वैशाख होता, मंडप तापला होता, पांढऱ्या साडीत मी घामाघूम झाले होते. गाडीत बसायच्या आधी बाबांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांना रडता येत नाही, म्हणून धरून ठेवला आहे, असं सगळे म्हणत होते. मीही तसंच समजत आले. इतक्या वर्षांत मला जे काही आलं नव्हतं ते धुऱ्यावर बसल्या बसल्या एकदम वर आलं. मी विचारलं.

"बाबा, बिदाईच्या वक्ती तुमी माहा हात धरला होता. तो तुमाले समजला होता का?"

 मांडीवरचा वाकडा हात बाबांनी दुसऱ्या हातानं उचलून थोडा सरळ केला.

"डाव्याले समजला होता," ते म्हणाले.